थेरबाची खिडकी

कोळथाची खिंड चढून वर आलं, की उजव्या हाताला कातळात एक भोक दिसतं. माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढंच. आत डोकावलं तर काळोख, आणि तोंडावर येणारा गार वारा. त्याला थेरबाची खिडकी म्हणतात. हा थेरबा कोण, असं पाहुण्यांनी विचारलं, की खिंडीखालच्या वाडीतली जुनी माणसं वाटेवरच्या दगडावर टेकतात आणि सांगू लागतात.

यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं सोपाऱ्याच्या बंदराला लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका गलबतातून घोडे उतरले, आणि त्यांच्यामागून असा एक जीव उतरला, की हमाल ओझी टाकून पळाले म्हणे. कमरेपर्यंत धिप्पाड पुरुष, कमरेखाली चार पायांचा काळाभोर घोडा. आमच्या मुलखातल्या डोंगरांत अशांचे कळपच्या कळप हिंडतात, असं यवन व्यापारी सांगत. खिंडीचा धनी होता गोधा महारठी. त्याने तो नवलाचा जीव विकत घेतला आणि आपल्या पागेत साखळीने बांधला.

त्याला घोड्यांच्या रांगेत उभं केलं, तर घोडे बिथरत. माणसांत आणलं, तर माणसं. मेजवानी असली की महारठी त्याला मद्य पाजून अंगणात दौडवी आणि सोयरेधायरे हसून लोळत. मग पुन्हा साखळी. ती इतकी आखूड होती, की त्याला धड बसताही येत नसे.

पागेत गवत कापून आणायला विसाखा नावाची बाई होती. तिचा नवरा धमा पाथरवट. खिंडीच्या तोंडाशी वाटसरूंना निवारा म्हणून लेणं कोरायचं काम चाललं होतं, तिथे तो टाकी चालवी. त्या जिवाला नाव विचारलं ते एकट्या विसाखाने. थेरोन, असं तो म्हणाला. पुढे तो इथली बोली शिकला आणि आपल्या डोंगराविषयी तिला सांगू लागला. तिथे संध्याकाळी सगळा कळप उतारावरून एकदम सुटतो, म्हणाला. विसाखा ऐके आणि खाली मान घालून गवत पसरी. साखळीची किल्ली महारठीच्या कमरेला होती.

एका श्रावणात, पावसाने फुगलेला डोंगर खचला. लेण्याच्या दारावरचा कातळ तडकून खाली झुकला, आणि धमा व त्याचे सोबती आत अडकले. तो कातळ पेलेल अशी पाठ आणि दगड उचलतील असे हात, दोन्ही एकाच्याच अंगावर होते. माणसं बाहेर काढलीस तर तू मोकळा, असा शब्द महारठीने दिला आणि साखळी सोडली.

सगळे मागे सरले. कोकणात उतरणारी वाट समोर मोकळी होती आणि तिच्या टोकाला समुद्र चमकत होता. थेरोनने तिकडे पाहिलं. त्याच्या पाठीवरची कातडी थरथरली. विसाखा सगळ्यांत जवळ होती. आत आपला माणूस आहे हे ठाऊक असूनही, 'थांब' म्हणायला तिची जीभ उचलेना.

तो वळला आणि वाकून दारात शिरला. हातांनी दगड बाजूला केले, आत वळून तोंड बाहेर केलं आणि पाठ कातळाखाली लावली. पाथरवट त्याच्या पोटाखालून सरपटत एकेक बाहेर आले, धमा सगळ्यांच्या शेवटी. मग डोंगर पुन्हा खाली बसला.

धूळ निवळली तेव्हा दार नव्हतं. एवढी खिडकी उरली होती, आणि तिच्यातून थेरोन कमरेपर्यंत बाहेर आला होता. धमाने टाकी लावली, पण घाव घातला की वरून दगड ढासळत. शेवटी थेरोननेच त्याचा हात धरला. महारठीने मात्र शब्द पाळला. खिडकीसमोर उभं राहून त्याने सर्वांदेखत जाहीर केलं, की हा आता कुणाचा बांधील नाही.

पुढे नवल झालं ते असं, की खिंड चढून येणाऱ्या परक्या माणसांना खिडकीत नुसता माणूस दिसे. "बाबा, पाणी कुठंशी हाय?" असं ते विचारत, आणि थेरोन हात लांब करून झरा दाखवी. त्याला कुणी बाबा म्हणायची ती पहिलीच वेळ. वाटसरू दिसले की त्याचा चेहरा खुले. विसाखा भाकरी घेऊन येई, तेव्हा तिला मात्र कातळाच्या आतून टापा ऐकू येत. आधी जोराच्या, मग सावकाश, थांबत थांबत.

एके सकाळी टापा वाजल्या नाहीत. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"घोडा गेला," तो म्हणाला. "आता मी नुसता माणूस उरलो, विसाखे. सगळ्यांना हवा होता तसा."

तिने त्याचा हात धरला.

"तो फार छान पळायचा," तो म्हणाला. "त्याला आत एकट्याला ठेवणार नाही मी."

त्याने हात सोडवून घेतला. मग खिडकीच्या कडेला रेटा देत, हळूहळू, तो स्वतःला आत ओढत गेला. आधी छाती दिसेनाशी झाली, मग खांदे, मग तोंड. विसाखा दुपार कलेपर्यंत हाका मारत राहिली, असं सांगतात. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

आजही खिंड चढणारा माणूस वाटेवरचं मूठभर गवत उपटतो आणि खिडकीतून आत टाकतो. भाकरीचा तुकडा खिडकीच्या कडेला ठेवायचा तो त्यानंतर. नवखं कुणी घाईने भाकरीच पुढे करू लागलं, तर बरोबरची म्हातारी त्याचा हात धरते आणि म्हणते, "आधी घोड्याचं."