रिकामा पलंग

“...आणि रिकामा पलंग पाहिलास?”

शार्दूलनं समोरचा फोटो मोठा केला.

कोल्हापुरातल्या एका इस्पितळाच्या तळघरात हा विभाग होता, अणुवैद्यकाचा, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनचा. शार्दूल आजरेकर तिथं एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होता, आणि फोटो वाचण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. प्रश्न विचारणारे डॉ. धुपकर म्हणजे त्याचे गुरू. त्यांची एक रीत होती. प्रत्येक पेशंटच्या आधी रिकाम्या पलंगाचा मिनिटभर फोटो घ्यायचा. पोरं त्याला पाठीमागे ‘सरांची पूजा’ म्हणत. हे नाव शार्दूलनंच ठेवलेलं.

“वेळ नव्हता, सर. पण फोटो अगदी स्वच्छ आलाय. उजवीकडची दहावी बरगडी... डाग स्पष्ट आहे. कॅन्सर हाडात उतरलाय.”

“कुणाला सांगितलंस?”

“बाईंनाच. त्यांनीच विचारलं.”

त्या बाई म्हणजे इंदुताई चौगुले, गारगोटीकडच्या अंगणवाडी सेविका. ऑपरेशन झालं होतं, सहापैकी चार केमो झाल्या होत्या. “हाडात उतरलंय व्हय, डॉक्टर?” असं त्यांनी विचारलं, आणि या पठ्ठ्यानं रिपोर्टवर सरांची सही होण्याआधीच ‘हो’ म्हणून टाकलं.

“मग ती सलायनं बास झाली,” त्या म्हणाल्या होत्या. “घरच्यांस्नी तरी किती पळवायचं... घरला जाते.”

आता त्या बाहेर बाकावर पिशवी भरत होत्या. दीडची एसटी होती.

सर उठले. कॅमेऱ्याखालच्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणाले, “झोप.”

“मी?”

“तूच.”

या कॅमेऱ्याचा स्वभाव निराळा. तो स्वतः काहीच सोडत नाही. पेशंटला सुईतून औषध देतात, ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथून किरण बाहेर येत राहतात. कॅमेरा फक्त तेवढे टिपतो. सुई न टोचलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच.

हे शार्दूल परीक्षेत तोंडपाठ सांगत असे. तो मनातल्या मनात हसतच आडवा झाला. कॅमेऱ्याची जाड पाटी खाली आली आणि नाकापासून चार बोटांवर थांबली. सरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

पडदा काळा होता. त्यात ना डोकं, ना खांदे, ना पाठीचा कणा. शार्दूल आजरेकर तिथं कुठंच नव्हता.

मग एक ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा... तिसरा...

ठिपके एकाच जागी दाटू लागले. उजवीकडे, दहाव्या बरगडीपाशी.

आपल्याला सुई टोचलेली नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी हात आपोआप बरगडीकडे निघाला.

“हलू नकोस,” सर म्हणाले.

यंत्र मंद घुमत होतं. त्याला गेल्या महिन्यातला खोकला आठवला. मग आईच्या मावशीचे शेवटचे दिवस आठवले. शिकलेलं सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यातलं काहीही उपयोगाला येत नव्हतं. त्याला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

“सर... हे माझ्या...”

डाग पांढरा होत गेला.

तीन मिनिटांनी पाटी वर गेली.

“ऊठ.”

तो उतरला आणि पडद्यापाशी गेला. पलंग आता रिकामा होता. पडद्यावर डाग वाढतच होता. कुणी झोपलेलं नसताना, शांतपणे.

सरांनी चादर दूर केली आणि किरण मोजायचं यंत्र गादीवरून फिरवलं. एका जागी ते कडकड वाजू लागलं.

सकाळी पहिल्या पेशंटला सुई याच पलंगावर दिली होती. शार्दूलनंच. सुई काढताना एक थेंब सांडला असणार.

“थेंब माझ्याच हातून... डाग गादीत आहे, सर. त्यांच्या हाडात नाही.”

“हं.”

“गादी बदलून पुन्हा फोटो घेतो. त्यांना थांबवतो. पण सर... त्यांनी सगळं सोडून द्यायचं ठरवलंय. माझ्या एका शब्दावर. मी त्यांच्यासमोर कसा जाऊ?”

बाहेर पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

सरांनी दार उघडून धरलं.

“मघाशी पडद्यावर जसा होतास ना... तसाच जा.”