कपिला थांबली नाही

फार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या रानात गव्यांचा एक कळप राहत होता. म्होरक्या रणबा दुपार टळेपर्यंत घोरत पडे आणि तो उठेपर्यंत कुणी चरायचं नाही, असा त्याचा हुकूम होता.

एके दिवशी कपिलेच्या उपाशी वासराने मावळतीला अधाशासारखं गवत ओरबाडलं आणि ते पोट फुगून तडफडू लागलं. कपिला वैद्य घोरपडीकडे धावली.

घोरपड चिडूनच म्हणाली, “भूक सूर्याबरोबर चढते आणि उतरते, बाई. पाला देते मी, पण जेवायची वेळ कोण बदलणार?”

वासरू सावरलं, तशी कपिला तडक रणबासमोर गेली. “सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही. उद्यापासून आम्हीही थांबणार नाही.”

“म्होरक्या मी आहे,” तो फुत्कारला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच सारा कळप कपिलेमागून कुरणात गेला. रणबा उठला, तेव्हा त्याचा हुकूम ऐकायला तिथे कुणीच नव्हतं.