पालूची सावली कुणी भिजवली?

एक होती उन्हाची खिडकी. खिडकीत होता डबा. डब्यात होती कोरफड. कोरफडीखाली होती गारेगार सावली. आणि सावलीत कोण? पालू! एवढीशी पाल. शेपूट धरून बोटाएवढी.

एके सकाळी काय झालं? पचक्! कोरफड पडली आडवी. पानं पिवळी. पानं लिबलिबीत. सावली गेली. पालूच्या पाठीला ऊन लागलं. चट् चट् चट्!

पालूनं डोळे बारीक केले.
"चुक् चुक्! हे कुणाचं काम?"

"कोरफडताई, कोरफडताई, ऊठ. मला सावली दे."
"कशी उठू बाई? मुळं बुडाली माझी. आधी माती सुकू दे, मग उठेन."

पालू गेली मातीकडे. सुळुक सुळुक.
"मातीबाई, मातीबाई, सुक.
माती सुकेना,
कोरफड उठेना,
पालूला सावली मिळेना!"
"सुकू कशी? रोज वरून पाणी. गळ् गळ् गळ्! आधी अण्णा थांबू देत, मग सुकेन."

पालूनं डोळे बारीक केले.
"चुक् चुक्! अण्णा का?"

अण्णा म्हणजे घरातले आजोबा. पाण्याबरोबर गोळी गिळायचे. पेल्यात उरलेलं पाणी डब्यात ओतायचे.

पालू गेली अण्णांकडे. सुळुक सुळुक.
"अण्णा, अण्णा, थांबा.
अण्णा थांबेनात,
माती सुकेना,
कोरफड उठेना,
पालूला सावली मिळेना!"
अण्णांनी चष्मा वर केला.
"मी? अगं, मी तर घोटभर घालतो. चांगलं पाणी फेकून देऊ होय? मला त्या शकूचा संशय आहे. आधी शकू थांबू दे, मग मी थांबेन."

पालूनं डोळे बारीक केले.
"चुक् चुक्! शकूआत्या का?"

शकूआत्या म्हणजे अण्णांची लेक. तांदूळ धूत होती. खळ् खळ् खळ्! धुवण डब्यात ओतणार, तोच आली पालू. सुळुक सुळुक.
"अगं बाई, पाल!"
"शकूआत्या, शकूआत्या, थांब.
शकूआत्या थांबेना,
अण्णा थांबेनात,
माती सुकेना,
कोरफड उठेना,
पालूला सावली मिळेना!"
"माझं नाव कुणी सांगितलं? अण्णांनी ना? वाटलंच मला! मी मेली वाटीभर घालते. त्या छबीला बघ. सारखी खिडकीशी घुटमळते. आधी छबी थांबू दे, मग मी थांबेन."

पालूनं डोळे बारीक केले.
"चुक् चुक्! छबी का?"

छबी म्हणजे घरातली सगळ्यात धाकटी. खिडकीशीच उभी होती. हात पाठीमागे. पाठीमागून टप् टप् टप्!

पालू गेली छबीकडे. सुळुक सुळुक.
"पाठीमागे काय गं?"
"काही नाही."
"दाखव बघू!"
हातात होतं भातुकलीतलं बोळकं. पाण्यानं भरलेलं!
"छबी, छबी, थांब.
छबी थांबेना,
शकूआत्या थांबेना,
अण्णा थांबेनात,
माती सुकेना,
कोरफड उठेना,
पालूला सावली मिळेना!"
"नाही थांबणार, जा! कोरफडीला तहान लागते. कुणी म्हणजे कुणी तिला पाणी देत नाही."
पालूनं शेपूट आपटली.
"असं? मग मातीत बोट घाल."

छबीनं बोट घातलं. डुबुक! आणखी आत घातलं. पच्च!
"ई! हा तर चिखल! कोरफडीला तहान नाहीच मुळी!"
छबीनं बोळकं खाली ठेवलं.
"आता बोट कोरडं निघेल, तेव्हाच पाणी."

मग काय!
छबी थांबली, तशी शकूआत्या थांबली. धुवण गेलं परसातल्या केळीला.
शकूआत्या थांबली, तसे अण्णा थांबले. उरलेलं पाणी प्याले गट् गट् गट्!
अण्णा थांबले, तशी माती सुकली. भुर् भुर् भुर्!
माती सुकली, तशी कोरफड उठली. लगेच नाही हं. आधी एक पान. मग दुसरं पान. मग सगळी.
कोरफड उठली, तशी पालूला सावली मिळाली!

एक दिवस अण्णा हळूच खिडकीकडे निघाले.
"अण्णाऽऽऽ!" शकूआत्या ओरडली.
"अण्णाऽऽऽ!" छबी ओरडली.
"अगं, ओरडता काय?" अण्णा म्हणाले. "बोट घालायला चाललोय!"

कोरडी माती, गार सावली,
पालू आमची गाढ झोपली.