शेवंतीचं वाण

परसातली झाडं एकमेकींकडे जात-येत असत, तेव्हाची गोष्ट. शेवंतीच्या वाफ्यात हरळीचं गवत शिरलं. आधी तिने पाय पसरले, मग शेवंतीलाच म्हणाली, "जरा सरकता का?"

खुरपं म्हणालं, "बाई, हिला मुळापासून उकरू. कंबर मोडेल, पण सुटाल."

"इश्श, लोक काय म्हणतील?" शेवंती म्हणाली. "त्यापेक्षा संक्रांतीचं हळदीकुंकू करते आणि वाण म्हणून हिलाच वाटून टाकते. वाणाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

झालं! हरळीचे तुकडे करून तिने प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला. अबोली, जास्वंद, कोरफड, सगळ्या "अय्या, दूर्वा!" म्हणत आपापल्या कुंड्या सावरत घरी गेल्या. इकडे वाफ्यात हरळी जिथे तुटली, तिथून दुप्पट फुटली.

पुढच्या संक्रांतीला शेवंतीला सगळीकडून बोलावणी आली. ती नटूनथटून गेली आणि प्रत्येकीकडून हरळीचंच वाण घेऊन परतली. पाहते तर वाफ्याच्या तोंडाशी खुद्द हरळी उभी. नाकात नथ, हातात करंडा, समोर बायकांची रांग.

"या, या! आज आमच्याकडे हळदीकुंकू," हरळी म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते. वाणावाचून सगळं अडलं होतं."

"वाण काय देताय?" शेवंतीने कौतुकाने विचारलं.

हरळीने तिला कुंकू लावलं, अलगद मुळासकट उपटलं आणि अबोलीच्या हातावर ठेवलं. अबोली गोरीमोरी झाली. पण वाणाला नाही कसं म्हणणार?