चिंचेखाली

एकदा एक तरुण स्थपती आपल्या वृद्ध गुरूंकडे मेट्रो स्थानकाचा आराखडा घेऊन आला. घरदार सोडून शहरात आलेला, भाड्याच्या खोलीत एकट्यापुरता भात शिजवून खाणारा जीव. सहा महिने खपून त्याने काचेचा घुमट रेखाटला होता, सोबत स्थानकासाठी सुचवलेल्या नावांची यादी. "गुरुजी, संध्याकाळी समितीला द्यायचंय. यातलं एक नाव निवडा."

गुरूंनी कागद उलगडलाच नाही. छत्री उचलली. "चल, जागा पाहू."

भर दुपार. तिथली जुनी चिंच वर्षापूर्वीच मेट्रोसाठी तोडलेली, जागा नुसती उघडीबोडकी. पलीकडे भिंतीला सावली होती, तरी रिक्षाची वाट बघणारी पाच-सात माणसं मधोमध उन्हात दाटीने उभी. गुरूही त्यांच्यात जाऊन उभे राहिले, छत्री मिटलेलीच. शिष्याला वाटलं, वय झालं यांचं.

तेवढ्यात पेरूची पाटी घेऊन एक म्हातारी आली. "बाबा, सरका की जरा. सावलीत बसू द्या."

"कुठली सावली, आजी?" शिष्य हसला.

म्हातारीने वर पाहिलं नि जीभ चावली. "विसरतेच बघ रोज. चाळीस वर्सं हितंच बसले. वस्ती उठवली, मला पार तिकडं चौथ्या मजल्यावर नेऊन टाकलं. दार लावलं की भिंतीशी बोलायचं. म्हणून येते दोन बस बदलून."

रिक्षा थांबली. चालकाने मागे वळून विचारलं, "चिंचेखाली कोण उतरतंय?" दोघे उतरले. झाड कुठे, असं कुणी विचारलं नाही.

गुरू हळूच म्हणाले, "तुझ्या कागदावर ही कुठे बसते?"

शिष्याची मान खाली गेली. "तिथं वाहनतळ आहे."

"झाड आपण तोडलं. सावली मात्र या माणसांनी अजून सोडलेली नाही. जागेला नाव आधीच असतं, बाळा. आपण फक्त कान द्यायचा, आणि मोडलं ते होईल तितकं परत करायचं."

शिष्याने वाहनतळ खोडला. तिथे रुंद छप्पर काढलं, खाली दगडी पार. नसलेल्या झाडाचं नाव म्हणून समिती हसली. तो तीनदा जाऊन भांडला.

पुढे मेट्रो सुरू झाली. "पुढील स्थानक, चिंचेखाली," असा आवाज आला, तेव्हा अक्षरओळख नसलेली म्हातारी बरोबर तिथेच उतरली. पारावर पाटी ठेवली. शिष्य उभा दिसला तशी अंग चोरून बाजूला सरकली.

"टेक बाळा. सावली हाय."

तो टेकला. खोलीवर त्याची कुणी वाट पाहत नव्हतं.