शून्य नंबरचं घर

"दादानं कागद तिला का दिले?"

हा प्रश्न भैरूनं आईला विचारला होता, मामाला विचारला होता, स्मशानातून परतताना रिक्षावाल्यालासुद्धा विचारला होता. उत्तर कुणीच दिलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मिरजेला हुसेनमास्तरांच्या दारात उभा राहिला आणि तेच विचारू लागला.

मास्तर पेन्सिलीला टोक करत राहिले.

उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. म्हातारपणी कॉम्प्युटरसाठी अक्षरं घडवायला शिकवू लागले. शिष्य दोनच. भैरूचा थोरला भाऊ सदा अक्षरं कागदावर काढायचा, वृंदा ती कॉम्प्युटरात बसवायची. कळ दाबली की मशीनला नुसता एक नंबर कळतो. त्या नंबराच्या घरात कुठला आकार ठेवायचा, ते माणसानं नेमून द्यावं लागतं. सदा गेला तेव्हा त्याचे सगळे आकार वृंदाच्या पिशवीत होते.

आणि आत्ता समोर वृंदा बसली होती, तिच्या पडद्यावर सदाचा 'क' होता. तीच वळणं, तोच गोल.

"सख्खा भाऊ मी! सातवी नापास असलो म्हणून काय झालं? कागद माझे."

त्यानं टेबलावरचा गठ्ठा उचलून छातीशी धरला.

"ने," मास्तर म्हणाले. "एक घर रिकामं आहे. तेवढं भर, आणि ने."

वृंदानं एक कागद पुढं सरकवला. वर सदाच्या हातचा घराचा नंबर: शून्य. खाली कोरं.

"हे कुठलं अक्षर?"

"अक्षर नाही," ती म्हणाली. "सदानं ज्याचा आकार काढलेलाच नाही असं काही कुणी टाईप केलं, तर त्या जागी हे दिसतं. हे घर रिकामं ठेवून चालत नाही."

"म्हणजे... नसलेल्याचं चित्र?"

"काढ," मास्तर म्हणाले.

भैरूनं दादासारखं एक डौलदार वळण काढलं. मास्तरांनी ते खोडलं.

त्यानं दादाचा चेहरा काढायला घेतला. नाकापर्यंत आला. मास्तरांनी तोही खोडला.

"अहो, मग काय काढू? काहीच नाही, ते कसं काढायचं?"

...

भैरूनं रागानं चार रेघा ओढल्या. चौथीला शिसंच मोडलं. कागदावर एक वाकडा चौकोन उरला, आत काही नाही.

मास्तरांनी खोडरबर खाली ठेवलं.

वृंदा म्हणाली, "बरोबर आहे. असंच असतं."

भैरूनं चौकोनाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या 'क'कडे.

"वा रे न्याय! हिचं काम सगळी दुनिया बघणार. माझं दिसलं की लोक म्हणणार, बिघडलं काहीतरी. कुणाला दिसूच नये असलं काम दिलंत मला."

"दवाखान्यात शेवटी त्याचं अंग कोण पुसायचं?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"कुणी बघितलं?"

पडद्यावरची नजर न काढता वृंदा बोलली.

"मला वर सोडलंच नाही. घरचीच माणसं, म्हणाले. अकरा दिवस खाली बाकावर बसून होते. कागद एका नर्सच्या हाती पाठवले त्यानं." ती त्याच्याकडे वळली. "तुझा किती राग यायचा मला, माहितीये?"

...

भैरूनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. छातीशी धरलेला गठ्ठा त्यानं टेबलावर ठेवला. कडा ठोकून सारख्या केल्या. चौकोनाचा कागद तेवढा हातात राहिला. तो त्यानं तिच्या हातात दिला.

"गठ्ठ्यात कुठं ठेवू, मास्तर? शेवटी?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "सगळ्यांच्या आधी."