प्याल्यावरचं नाव

“पण बापू, त्याचं नाव प्याल्यावर कशाला?”

शमुवेल उभ्यानंच विचारत होता. कपाळावरची टाक्यांची खूण अजून लाल होती, आणि ती दिसावी म्हणून त्यानं केस मागे वळवलेले.

एलियाबापू, म्हणजे त्या ख्रिस्ती वस्तीचे म्हातारे पाळक, प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. शमुवेल त्यांचा लाडका शिष्य. त्यांच्या मागं वस्ती तोच सांभाळणार, हे सगळ्यांना ठाऊक. त्यालाही.

बापूंच्या पुढ्यात मी. मांडीवर नवा पितळी प्याला, हातात बारीक छिन्नी.

माझा धंदा भांड्यांचा. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. भांड्यावर नाव कोणाचं घालायचं, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिलेत. एका लग्नात हंड्यावर मामाचं नाव आधी की काकाचं, एवढ्यावर पंगत खोळंबली होती. तेव्हापासून मी नाव घालतो, मत घालत नाही.

हा प्याला मात्र वेगळा. मी काही त्यांच्या धर्माचा नाही, पण त्यांचं प्रभुभोजन असतं हे मला माहीत होतं. सगळी वस्ती एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घेते. जुना प्याला गावातल्या काही जणांनी मंदिरात घुसून पायाखाली चेचला. शमुवेलचं कपाळ फुटलं ते त्याच दिवशी. मग बहिष्कार. किराणा बंद, गिरणी बंद, जीपवाला बसवून घेईना. येशूचं नाव सोडा, सगळं सुरू होईल, असं चावडीवर ठणकावून सांगितलेलं.

वस्ती हलली नाही. सांगताना माझी छाती फुगते, आणि मी तर बाहेरचा. भर चावडीत शमुवेल म्हणाला होता, “मान घ्या, नाव मिळणार नाही.” हे वाक्य मी दुकानात किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल! एकजण तर ताट घ्यायला आला होता, ते ऐकून परात घेऊन गेला.

एकच माणूस वाकला. दानियेल तोरणे. त्याच चावडीत उभा राहून म्हणाला, आजपासून माझा येशूशी संबंध नाही.

आता वरचे अधिकारी येऊन गेले होते, बहिष्कार उठला होता. रविवारी पहिलं प्रभुभोजन. तरुणांनी ठरवलं, जी घरं टिकली त्यांची नावं प्याल्यावर घालायची. ज्याचं नाव नाही, त्यानं प्याल्याला ओठ लावायचा नाही. बापू म्हणाले, दानियेलचंही घाला. तिथंच गाडं अडलं.

“बायबलातला दानियेल सिंहांच्या गुहेत ताठ उभा राहिला, त्याचं नाव घेऊन हा फिरतो,” शमुवेल म्हणाला, “आणि मांजर बघून पळाला!”

मला हसू आवरेना. बापूही हसले. मग त्यांनी विचारलं,

“जेवलास?”

“जेवलो.”

“काय?”

“भाकरी-ठेचा. का हो?”

“बहिष्कारातही भाकरी होती?”

“होती की. कोरडी होती, पण ताठ मानेनं खाल्ली.”

“शाबास… गिरणी तर बंद होती.”

“दळण आम्ही इथं आणून ठेवायचो. पीठ तुम्ही द्यायचात. तालुक्याला पाठवत असाल.”

“कशानं? जीपवाला बसवून घेत नव्हता.”

शमुवेल थांबला.

“मग…”

बापूंनी पायऱ्यांकडे पाहिलं.

खाली लिंबाच्या सावलीत एक माणूस मान खाली घालून बसला होता. मी येताना त्याला रामराम केला होता, कोण ते विचारलं नव्हतं. पुढ्यात पिठाचा डबा, रविवारच्या भाकरीसाठी आणलेला. भुवया पिठानं पांढऱ्या. डब्याच्या कडीला लाल चिंधी.

गिरणीत डबे बदलू नयेत म्हणून ज्याची त्याची खूण असते.

“तुझ्या डब्याला चिंधी आहे?” बापूंनी विचारलं.

“आहे… पीठ आलं तेव्हापासून आहे.”

“कसल्या रंगाची?”

शमुवेलचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच राहिला.

आता धंद्यातलं सांगतो. कोणत्या घराला किती पीठ लागतं, हे गिरणीवाल्याला त्या घरच्या बाईइतकं कळतं. दानियेलच्या घरी खाणारी तोंडं दोन-तीन, आणि डब्यांची ही रांग. गिरणीवाल्यानं दळून दिलं. विचारलं काहीच नाही. त्या गावात असाही एक माणूस होता, म्हणून सांगितलं.

शमुवेल पायऱ्या उतरला.

“दान्या… म्हणजे चावडीत तू जे बोललास, ते आमच्या दळणासाठी?”

“नाही रे बाबा.” दानियेल उठून उभा राहिला. “भ्यालो होतो. घरात बाळंतीण. दळणाचं नंतर सुचलं. मला गिरणीत घेतायत, तर म्हटलं, तुमचंही होऊन जाईल.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?”

शमुवेलनं डब्याच्या चिंधीला हात लावला.

दानियेल वर बापूंकडे बघून म्हणाला, “हा बोलतो ते बरोबर आहे, बापू. मी नाव सोडलं ते सोडलं. माझं नका घालू. रविवारी मी इथं पायरीवरच बसेन.”

दूर गिरणीचा पट्टा फटफटत होता.

शमुवेल वाकला. डबा उचलून खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं दानियेलचं मनगट धरलं, आणि त्याला ओढतच वर घेऊन आला. झाकण सैल होतं. थोडं पीठ त्याच्या कपाळावर सांडलं, टाक्यांच्या खुणेवर. त्यानं पुसलं नाही.

“शेठ,” तो मला म्हणाला, “दानियेलचं घाला. आमच्या नावांच्या खाली… नाही, थांबा. सगळ्यांच्या वर घाला.”

मी छिन्नी टेकवली. बापूंनी माझा हात धरला.

“एकच नाव घाला, शेठ. दानियेल तोरणे. बाकी कोणाचं नको. ओठ सगळेच लावतील.”

“एकच?” शमुवेल चमकला. मग जरा हळू आवाजात, लहान मुलासारखं, “आणि माझं, बापू?”

बापूंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. मायेनं, अभिमानानं.

“तुझं गावाला पाठ आहे.”